गोहर खालांची खरी हकिगत

देनिझ्लीतलं आमचं घर म्हणजे एका बेकरीच्या डोक्यावरच्या तीन खोल्या आणि वर गच्ची. राहणारे आम्ही तिघं: मी, पेझमान आणि आणखी एक अबोल सोबती. तिघेही इराणहून आलेले, तिघांचाही जीव पुरुषांवर जडणारा, आणि त्याच पायी देश सोडून तुर्कस्तानात येऊन पडलेले. दिवसा टॉवेल आणि अंघोळीचे झगे शिवायच्या कारखान्यात काम, ठरल्या वारी सरकारी कचेरीत जाऊन सही, आणि उरलेला वेळ वाट बघणं. आधी निर्वासित म्हणून मान्यता मिळायची वाट, ती मिळाली की कुठला तरी तिसरा देश बोलावील याची वाट.

आमची वकीलही देवानं बघून दिली होती. तिचं नाव फर्दा. ती तुर्की, तिच्या भाषेत ते नुसतं मुलीचं नाव. पण आमच्या फारसीत फर्दा म्हणजे उद्या. जिथे जावं तिथे 'उद्या या' ऐकून कान किटलेले, त्यात वकीलबाईच 'उद्या'! आम्ही तिला याबद्दल इतकं छळलं की शेवटी तीच आल्या आल्या म्हणायची, "आले रे, आजच आले."

ही फर्दा एका रविवारी आली आणि म्हणाली, "एक बाई आहेत. पन्नाशीच्या. केर्मानशाहच्या. तुमची मागची खोली द्याल?"

खोलीतला माझा सोबती पेझमान उसळलाच. "फर्दाबाई, आम्ही आपापल्या आयांपासून पळून आलो आणि तुम्ही आम्हाला नवी आई आणून देताय?"

"आई नाही, भाडेकरू," फर्दा म्हणाली. "आणि ती स्वयंपाक बरा करते म्हणतात."

हे ऐकल्यावर पेझमान मागची खोली आवरायला उठला. आम्ही तिघं तेव्हा अंडी आणि पाव यांवर जगत होतो.

गोहर खाला आल्या त्या नीट रंगवलेले केस, कानात सोन्याच्या रिंगा, ओठांना लाली, आणि हातात एक पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात कात्र्या, कंगवे आणि भुवया कोरायचा दोरा. गावी त्यांचं बायकांचं ब्यूटी पार्लर होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचं स्वयंपाकघर बघितलं, नाकाला पदर लावावा तसा डोक्यावरचा रुमाल लावला आणि म्हणाल्या, "इथे माणसं राहतात की बकऱ्या?" संध्याकाळी बदामाचे काप घातलेलं मटणाचं कालवण आणि भात समोर आला. पेझमाननं तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तिथून पुढे त्यांना 'खाला' म्हणायला सुरुवात त्यानंच केली. म्हणजे मावशी.

आम्ही कोण, कशासाठी आलोत, हे त्यांना आल्या दिवशीच कळलं असणार. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. पेझमानचा मित्र राहायला आला तर सकाळी एक पेला जास्त मांडायच्या, एवढंच. आमची समजूत अशी की बाई विधवा आहे, दिरानं घरासाठी छळलं म्हणून निघाली आहे, आणि मनानं मोठी आहे. त्यांनी सगळ्यांना तेवढंच सांगितलं होतं.

अंकाऱ्याला त्यांची मुलाखत झाली तेव्हाही त्यांनी तेवढंच सांगितलं. काही महिन्यांनी कौल आला. नकार. कौटुंबिक मालमत्तेचा तंटा, अर्जदार देशातल्या दुसऱ्या शहरात जाऊन राहू शकते.

खालांनी तो कागद घडी करून ठेवला आणि डाळ निवडायला बसल्या. नकार म्हणजे पुढे परतीची गाडी. दोन-तीन दिवस घरात कोणी मोठ्यानं हसलंही नाही.

उन्हाळा सरत आला होता. बाजारात टोमॅटो मातीमोल झाले होते, आणि खालांनी ढीगभर आणून गच्चीवर त्यांचा रस आटवायला घातला होता. वर्षभर पुरेल असा घट्ट लाल लगदा आमच्याकडे घरोघर करतात. मी पातेलं ढवळत होतो. त्या ताटांवर पसरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हूमान, मीही तुमच्यातलीच आहे."

"कशातली?" मी विचारलं.

"गाढवा, कशातली काय? तुमच्यातली."

मी ढवळायचा थांबलो.

"ढवळ, ढवळ. खाली लागेल," त्या म्हणाल्या. आणि मग तशाच, ताटावरून हात फिरवत, सगळं सांगितलं.

सतराव्या वर्षी लग्न. नवरा ट्रक चालवायचा, बंदरापर्यंतच्या फेऱ्या, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. माणूस वाईट नव्हता. एक मुलगा झाला, इराज. मग पार्लर काढलं आणि हाताखाली एक तरुण विधवा कामाला आली. तूबा. उंच, सावळी, कमी बोलणारी. गिऱ्हाइकाचे केस धुता धुता ती गिऱ्हाइकाला झोप आणायची, असा हात. पुढे वरच्या मजल्यावरची खोली तिनं भाड्यानं घेतली. असाच गच्चीवर टोमॅटोचा रस आटवताना खालांनी पहिल्यांदा तिचा हात धरला. आणि मग अर्धा जन्म तसाच गेला. खाली गोहर, वर तूबा, मध्ये एक जिना.

"त्याला काय म्हणतात ते मला इथे येऊन तुमच्या तोंडून कळलं," खाला म्हणाल्या. "आम्ही त्याला काही म्हणायचोच नाही. 'तूबा, वर आलेय गं' एवढंच म्हणायचो."

नवरा वारल्यावर दिराला घर हवं झालं. एका दुपारी दिराची बायको न कळवता जिना चढून वर गेली. दोघी एका उशीवर झोपलेल्या. ती ओरडली नाही, भांडली नाही, उलट्या पावली खाली उतरली. संध्याकाळपर्यंत तूबाच्या भावानं तूबाचा हात मोडला होता, दिरानं चौकीत तक्रार केली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून पार्लरमध्ये गिऱ्हाईक फिरकलं नाही. आमच्याकडे या गुन्ह्याला फटके आहेत, आणि पुन्हा पुन्हा पकडलं गेलं तर त्याहून वाईट. खाला सरहद्दीच्या बसमध्ये बसल्या. तूबा आली नाही. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती.

"मग हे तिथे का नाही सांगितलंत, खाला?" मी जवळजवळ ओरडलोच. "याच्यावर तर मान्यता मिळते!"

त्यांनी हात पुसले. "दुभाष्या आमच्याकडचाच निघाला. पोक्त माणूस. मी बसले, आणि तो आमच्या बोलीत म्हणाला, 'भगिनी, केर्मानशाहमध्ये कुठल्या आळीच्या तुम्ही?' अगदी माझ्या दिरासारखा 'भगिनी' म्हणाला रे. वाईट नव्हता बिचारा, पाणी दिलं मला. पण माझ्या तोंडाला कुलूप लागलं. इराज लांबच्या गावी असतो, त्याला हे कोणी कळवलं नव्हतं. मला वाटलं, इथे बोलले की रात्रीच्या जेवणापर्यंत इराजच्या कानावर जाईल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फर्दाकडे घेऊन गेलो. फर्दानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अपील करू. दुभाषी बाई मागू, दुसऱ्या प्रांतातली. तो हक्क आहे तुमचा. ताई, कायद्यात पाच कारणं आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत, आणि समाजातला विशिष्ट गट. तुम्ही त्या शेवटच्या कारणात बसता."

"म्हणजे आम्ही मागच्या बाकावरचे," खाला म्हणाल्या.

फर्दा हसली. "मागच्या बाकावरचे, पण वर्गातलेच. एक मात्र आहे. आधी का सांगितलं नाही हे ते विचारणार. आणि उशिरा सांगितलं की लोकांना बनाव वाटतो."

झालं. घरात जो तो शिक्षक झाला. पेझमान म्हणाला, "खाला, केस बारीक कापा. पुरुषी शर्ट घाला. लाली बंद. बघणाऱ्याला दारातच पटलं पाहिजे."

खालांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कात्री खाली ठेवली. "मी जन्मभर दुसऱ्या बायकांचे केस सजवले आणि आता माझे भादरून घेऊ? तूबाला माझे केस आवडायचे, मेल्या."

गावात एक गृहस्थ होते. लोकांना हकिगती रचून द्यायचे. तुरुंग, फटके, पळून जाणं, सगळं बेतानं शिवून देत. तेही येऊन गेले. म्हणाले, "बाई, तुमच्या गोष्टीत जोर नाही. दोन बायका, एक जिना, टोमॅटो. याला कोण मान्यता देतं? निदान अटक तरी घाला मधे."

"अटक झाली असती तर घातली असती," खाला म्हणाल्या. "चहा घ्या, भाऊ. निवतोय."

मी त्यांच्याबरोबर अंकाऱ्याला गेलो. शहर सोडायला परवानगी लागते, ती दोघांची काढली. त्या आत गेल्या आणि मी समोरच्या बागेत बसून राहिलो. केस रंगवलेले, रिंगा, लाली, सगळं होतं तसं. बाहेर आल्या तेव्हा लाली गेली होती, पण चालणं ताठ होतं. परतीच्या बसमध्ये त्यांनी शेंगदाणे खात खात सगळं सांगितलं, आणि मी इतका हसलो आणि रडलो की पुढच्या सीटवरचा म्हातारा दोनदा वळून बघत होता.

आत एक तरुण परदेशी बाई होती, आणि तब्रीझकडची दुभाषी बाई. पहिला प्रश्न तोच. आधी का सांगितलं नाही?

"मी म्हटलं, मुली, जी गोष्ट मी आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगितली नाही, ती एका अनोळखी पुरुषाला पाण्याचा ग्लास हातात धरून कशी सांगू?"

मग तिनं विचारलं, तुम्ही लग्न केलंत, तुम्हाला मुलगा आहे.

"मी म्हटलं, मी लग्न केलं नाही. माझं लग्न झालं. दुभाषी बाई जरा थांबली. तिला तो फरक त्यांच्या भाषेत सांगताना बहुतेक अडलं. पण सांगितला तिनं कसाबसा."

मग सगळ्यात अवघड प्रश्न आला. इतकी वर्षं गुपचूप राहिलात, कोणाला कळलं नाही. पुन्हा तशाच का राहत नाही, दुसऱ्या एखाद्या शहरात, दुसऱ्या एखाद्या बाईबरोबर, जपून?

"तेव्हा माझा आवाज चढला," खाला म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई, नवरा फेरीवर असताना माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. मी शुद्धीवर आले तर उशाशी कोण? दीर. आणि तूबा कुठे? दवाखान्याच्या फाटकाशी. पार्लरमधली कामवाली म्हणून. तीन दिवस तिला आत सोडलं नाही, कारण कामवालीला काय अधिकार? मी आतून दिराला म्हणू शकले नाही की तिला बोलवा. तुम्ही ज्याला जपून राहणं म्हणता ते हे आहे. आणि आता तर तेवढंही उरलेलं नाही. जपून राहायला कोणाला ठाऊक नसावं लागतं. आता साऱ्या आळीला ठाऊक आहे."

"मग ती काय म्हणाली?"

"लिहीत होती. मग म्हणाली, तूबाबद्दल सांगा. मी सांगत बसले. ती कशी जेवते, कशी रुसते, तिला दुधावरची साय का आवडत नाही. एवढं मी कोणाशी तिच्याबद्दल बोलले नव्हते रे. ती विचारायची थांबली तरी मी थांबेना."

घरी आल्यावर दोन दिवसांनी खालांनी इराजला स्वतःहून फोन लावला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, म्हणाल्या. आम्ही बाहेरच्या खोलीत दाराला कान लावून. बोलणं फार थोडं झालं. इराजनं फोन ठेवला होता. खाला बाहेर आल्या, भांडी घासली, सगळी, घासलेलीसुद्धा. कितीतरी महिन्यांनी त्याच्याकडून एक फोटो आला. त्याच्या लहान मुलीचा, शाळेच्या गणवेशातला. खाली एक अक्षर नाही. खाला आम्हाला तो इतक्या वेळा दाखवत की पेझमान म्हणायचा, "माहीत आहे खाला, पुढचा दात पडलाय."

अपिलाचा कौल त्यांच्या बाजूनं लागला. फर्दा मिठाई घेऊन आली. फर्दाला नाचता येत नाही हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मान्यता मिळाली म्हणजे सुटलो असं नाही. पुढे कुठल्या तरी देशानं घ्यावं लागतं, आणि तेव्हा दारं भराभर बंद होत होती. खाला बेकरीवाल्याच्या बायकोच्या, मग तिच्या बहिणींच्या, मग अर्ध्या गल्लीच्या भुवया कोरू लागल्या. तुर्की बोलायला शिकल्या, म्हणजे भाव करण्यापुरती आणि भांडण्यापुरती. अशात तूबाचा फोन आला. आई गेली होती. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले की निघते, म्हणाली.

आम्ही बस स्थानकावर घ्यायला गेलो. खालांच्या तोंडून ऐकून ऐकून आमच्या मनात तूबाची एक मूर्ती तयार झाली होती, शांत, सोशिक, मऊ हातांची. उतरली ती एक काटकुळी बाई, एक हात कोपरात जरा वाकडा, तोंडात सिगारेट. तिनं खालांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "जाड झालीस."

"तू वाळलीस," खाला म्हणाल्या.

भर स्थानकात मिठी वगैरे काही नाही. तूबानं खालांच्या कोटाच्या बाहीवरचा एक दोरा काढून टाकला, एवढंच. पण घरी येऊन दार लावल्यावर आतून जो हुंदक्यांचा आवाज आला तो ऐकून आम्ही तिघं आपण होऊन गच्चीवर गेलो आणि थंडीत कुडकुडत बसलो.

तूबानं घरात सगळ्याला नावं ठेवली. माझ्या भाताला म्हणाली, "हा भात की कपड्यांची खळ?" पेझमानच्या मित्राकडे बोट करून पेझमानला म्हणाली, "हा मुलगा तुला सोडून जाणार, याचे कान बघ." तो खरंच गेला, आणि त्या आठवड्यात पेझमानला रोज सकाळी उठवून जेवायला बसवणारीही तीच.

आता पेच असा पडला की खालांच्या नावाला कॅनडाचं बोलावणं येऊ घातलं होतं, आणि तूबा नुकती आलेली, तिचं सगळं पहिल्यापासून. खाला फर्दाला म्हणाल्या, "मी एकटी जाणार नाही. ते सांगून टाक त्यांना."

फर्दा म्हणाली, "ताई, तुम्ही मुलाखतीत तूबाताईंचं नाव घेतलं होतं ना? सगळं सांगितलं होतंत ना?"

"साईपर्यंत सांगितलं होतं."

"मग दोघींची प्रकरणं जोडून मागू. जोडपं म्हणून. त्या गृहस्थांची अटकेची गोष्ट सांगितली असती तर आज तूबाताई कुठून आणल्या असत्या आपण?"

तूबाची मुलाखत झाली. आणि घोटाळा झाला. दोघींना वेगवेगळं विचारलं होतं, तुमच्यात हे सुरू कधी झालं? खालांनी सांगितलं होतं, गच्चीवर टोमॅटो आटवताना आपण पहिल्यांदा तिचा हात धरला. तूबानं सांगितलं, छे, त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात वरच्या खोलीतली शेगडी बंद पडली तेव्हा आपण खाली झोपायला गेलो आणि गोहरनं आपले पाय स्वतःच्या पायांत घेतले.

"मी? पाय? कधी?" खाला घरी येऊन कडाडल्या.

"तुला काय आठवणार? तू घोरत होतीस."

"मी घोरत नाही!"

"विचार या पोरांना."

पोरांनी खिडकीबाहेर बघितलं.

हे विनोदाचं नव्हतं. दोन जबाब जुळत नाहीत, एवढ्यावर भल्याभल्यांचे अर्ज बुडालेले आम्ही पाहिले होते. कार्यालयातून विचारणा आली. खालांचा चेहरा उतरला. "एवढं नडलं होतं तर माझंच खरं म्हणायचं होतंस," त्या तूबाला म्हणाल्या.

"का म्हणू? झालंच नाही तसं," तूबा म्हणाली.

फर्दानं उत्तर लिहिलं आणि अंकाऱ्याला स्वतः गेली. तिथे काय म्हणाली ते तिनं आम्हाला नंतर सांगितलं. "मी म्हटलं, या दोघी बनाव करणाऱ्या असत्या तर हे पहिलं उत्तर त्यांनी घोकून ठेवलं असतं. माझ्या आईवडिलांना विचारा, आधी कोणी कोणाकडे बघितलं. ते अजून भांडतात. मी म्हटलं, बाकीचं जुळतंय का बघा. जिना जुळतो, दवाखान्याचं फाटक जुळतं, साय जुळते. न जुळणारी फक्त तारीख आहे, आणि ती दोघींनाही आपलीच हवी आहे."

उत्तर यायला हिवाळा गेला. आलं ते होकाराचं. एक प्रकरण, दोन माणसं. खालांनी बातमी ऐकली आणि पहिलं काय केलं, तर तूबाचे केस कापायला बसल्या, कारण म्हणे अशा अवतारात तिला विमानात कोणी बसू देणार नाही. तूबा खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती म्हणत होती, "डोळ्यांत केस गेलेत. जरा नीट काप."

जायच्या दिवशी बेकरीवाल्याची बायको वर येऊन रडली. आता तिच्या भुवया कोण कोरणार! स्थानकावर दोघी बॅगेवरून भांडल्या. जड बॅग कोणी उचलायची, यावर. दोघींनीही एकेक बंद धरला आणि ती बॅग मधे लोंबकळत बसपर्यंत गेली. मी हात हलवत राहिलो. पेझमान आलाच नाही. त्याला निरोप जमत नाहीत. तो घरी स्वयंपाकघर घासत होता.

माझं प्रकरण अजून चालू आहे. पेझमान इस्तंबूलला गेला, नशीब काढायला, आणि आमचा तिसरा सोबतीही त्याच्या पाठोपाठ. मागच्या खोलीत आता शिराझकडचा एक गवई राहतो. त्याचा रियाज बेकरीवाल्याला आवडतो, मला नाही.

खाला रविवारी फोन करतात. तिकडे एका पार्लरमध्ये त्या काम करतात. तूबा गाडी चालवायला शिकते आहे आणि शिकवणाऱ्याशीच भांडते. परवा बसथांब्यावरून बोलता बोलता खाला मला बर्फाबद्दल काही सांगत होत्या. मागून तूबाचा आवाज आला, "किती ओरडतेस फोनवर! त्याला इथून फोनशिवायसुद्धा ऐकू जाईल."

"ऐकलंस?" खाला म्हणाल्या. "ही अशी. बरं, ठेवते. बस आली आमची."